डकोटाचं शेवटचं अक्षर

१९४९च्या जानेवारीत सुरू झालेली ‘नाइट एअर मेल’ नागपूरच्या जुन्या लोकांना अजून आठवते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या वाटेला लागायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान आपल्याकडे आला. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळातली ही योजना. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. माझे आजोबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. नोकरीची काही वर्षं त्यांनी या रात्रपाळीत काढली.

त्यांचा तिथला एक फोटो आमच्या घराण्यात आहे. पाच-सहा माणसं रांगेत उभी, मागे डकोटा विमान. त्या फोटोखाली एक वाक्य न लिहिताच चिकटलेलं आहे: ‘हे तेच विमान, जे पडलं.’ १२ डिसेंबर १९५३ला, पहाटेच्या अंधारात, सोनेगावहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं डकोटा काही क्षणांतच कोसळलं. आत चौदा जण होते, तेरा गेले, वैमानिक तेवढा वाचला. त्या विमानाचं नोंदणीचिन्ह व्हीटी-सीएचएफ. फोटोतलं विमान खरंच तेच आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. २०२३च्या दिवाळीत तो डोक्यात शिरला आणि २०२५च्या फेब्रुवारीपर्यंत मुक्कामाला राहिला. मी ना वैमानिक ना इतिहासकार, बँकेत नोकरी करते. जुन्या विमानाचा माग कसा काढतात याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून झालेलं सगळं लिहून ठेवते आहे. सरकारी कागदांच्या भानगडीसकट.

पहिली अडचण घरातलीच होती. फोटो मोठ्या काकांकडे, नागपूरच्या महाल भागात, जुन्या लाकडी फ्रेममध्ये. कडेला जाड पुठ्ठ्याची चौकट. काका फ्रेम खोलू देईनात. ‘काच काढू नको बाप्पा, कागद चिकटून राहिला असंल. फाटला तर मंग काय करशीन?’ त्यांचं चुकीचं नव्हतं. जुने फोटो काचेला खरोखर चिकटतात आणि ओढले की वरचा थर निघून येतो. म्हणून सीताबर्डीतल्या एका स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं. त्याने दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावले, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरलं आणि काचेवरूनच फोटो काढला. आठशे रुपये घेतले. मोबाइलने आधी काढून पाहिलेल्या फोटोंत माझाच चेहरा विमानावर तरंगत होता. काळ्या कापडाने तो गेला. हा उपाय फुकट आहे, लक्षात ठेवा.

मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर विमानाच्या धडावर, शेपटीकडे, रोमन अक्षरं दिसली: व्ही, टी, आडवी रेघ, सी, एच. पुढचं अक्षर एका माणसाच्या टोपीआड गेलेलं. टोपीच्या वर त्याचा फक्त डावा कोपरा दिसत होता, एक उभा दांडा आणि वरून निघालेली आडवी रेघ. एफ असू शकतो. ई असू शकतो. बी, डी, पी, आर यांचाही डावा वरचा कोपरा असाच असतो. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘एफच तर आहे!’ सहा शक्यतांपैकी आपल्याला हवी ती दिसणं किती सोपं असतं ते मला तेव्हाच कळलं. पुढे प्रत्येक टप्प्यावर मी वहीत दोन रकाने ठेवले, एक ‘दिसतं’ आणि दुसरा ‘वाटतं’. एफ दुसऱ्या रकान्यात गेला.

खिडक्यांच्या वर कंपनीचं नाव होतं, त्यातलं ‘लाइन्स’ एवढं स्पष्ट. हा पहिला कामाचा धागा निघाला. इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन सुरू झालं १ ऑगस्ट १९५३ला, आठ विमान कंपन्या एकत्र करून. त्या विलीनीकरणात महामंडळाकडे ७४ डकोटा आली. म्हणजे फोटोतलं विमान व्हीटी-सीएचएफ असेल, तर फोटो त्या ऑगस्ट ते १२ डिसेंबर या साडेचार महिन्यांतलाच हवा, आणि तोही विमानावर नवं नाव रंगवून झाल्यानंतरचा. अशक्य नाही, पण दार बरंच चिंचोळं झालं.

मग थोडा अभ्यास विमानाचा. डकोटा म्हणजे अमेरिकेच्या डग्लस कंपनीचं डीसी-३ आणि त्याची लष्करी भावंडं. सगळी मिळून दहा हजारांवर बनली, त्यातली बहुतेक दुसऱ्या महायुद्धासाठी. लष्करी सी-४७ ओळखायची सोपी खूण म्हणजे डाव्या बाजूला मागे असलेलं मोठं, दुपाखी मालाचं दार. आमच्या फोटोत ते सताड उघडं आहे आणि दारात थैल्या दिसतात. युद्ध संपल्यावर अशी शेकडो विमानं भारतात आणि आसपास पडून होती. ती स्वस्तात विकली गेली, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांतल्या अनेकांची प्रवासी विमानं झाली, आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी देशात इतक्या विमान कंपन्या निघाल्या त्याचं एक कारण हेच.

आता मुद्द्याची गोष्ट. विमानावर रंगवलेली अक्षरं पुसता येतात, बदलता येतात, दुसऱ्या विमानावर लिहिता येतात. इंजिनाचा क्रमांक तर मुळीच उपयोगाचा नाही. प्रॅट अँड व्हिटनीची ती चौदा सिलिंडरची इंजिनं ठरावीक तासांनी उतरवून दुरुस्तीला जायची आणि त्या जागी दुसरी बसायची. जन्मभर टिकतो तो कारखान्याने दिलेला निर्मिती क्रमांक. त्याला लष्कराचा क्रमांक, मग नागरी नोंदणी, मग पुढची नोंदणी असं एकेक कडी जोडत जायचं असतं. मधली एक कडी नसेल तर माग तिथेच संपला असं धरायचं.

हे मला नीट समजलं ते ‘परशुराम’मुळे. भारतीय हवाई दलाकडे हे डकोटा आहे. राज्यसभेचे तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेऊन ते दलाला भेट दिलं, आणि मे २०१८मध्ये ते दाखल झालं. त्याच्यावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. पण आज उडतं ते विमान श्रीनगरला गेलेलं नाही. त्याचा निर्मिती क्रमांक १६०७२/३२८२०, अमेरिकी लष्कराचा क्रमांक ४४-७६४८८, मग ब्रिटिश हवाई दलात केएन ३९७, मग ब्रिटनची नागरी नोंदणी जी-एएमएसव्ही, आणि शेवटी मानवंदना म्हणून रंगवलेलं व्हीपी ९०५. हवाई दलाने यात काही लपवलेलं नाही. आपणच घाईत ‘तेच ते विमान’ म्हणून मोकळे होतो. यातले आकडे वाचायची रीतही इथेच शिकून घ्या. ४४ म्हणजे १९४४च्या आर्थिक वर्षातली मागणी, बनल्याचं वर्ष नव्हे. आणि तिरप्या रेघेने जोडलेले दोन निर्मिती क्रमांक पाहून गोंधळू नका. युद्धकाळात डग्लसच्या क्रमांकांच्या मालिका बदलल्या, त्यामुळे अनेक सी-४७ना दोन क्रमांक आहेत. नोंद शोधताना दोन्ही टाकून पाहायचे.

जानेवारी २०२४मध्ये नोंदवह्यांकडे वळले. आपल्याकडे नोंदणी करतं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान महासंचालनालय. त्यांच्या संकेतस्थळावरची यादी सध्याच्या विमानांची आहे, सत्तर वर्षांपूर्वीच्या डकोटाचा तिथे पत्ता नाही. जुन्या नोंदी मुख्यतः हौशी अभ्यासकांनी जमवलेल्या आहेत. त्यांत ब्रिटिश लोक आघाडीवर. आयुष्यभर विमानतळाच्या कुंपणाशी वही घेऊन उभी राहिलेली ही माणसं. देशवार याद्या असतात: नोंदणीचिन्ह, प्रकार, निर्मिती क्रमांक, आधीची ओळख, नोंदणीची तारीख, शेवट. मी त्यांतल्या एका निवृत्त गृहस्थांना ई-मेल लिहिली. तीनेक आठवड्यांनी उत्तर आलं, आणि त्यात उत्तराऐवजी प्रश्न होते. फोटो कोणत्या बाजूने काढलाय? अक्षरांची जाडी सारखी आहे का? फोटोच्या मागे काय लिहिलंय? कडा पूर्ण दिसतात का? शेवटच्या दोन प्रश्नांवर मी ‘फ्रेम उघडता येत नाही’ असं कळवलं. त्यांनी एकाच ओळीत लिहिलं की मग थांबा, उघडेपर्यंत कुठलंच अक्षर लावू नका.

त्यांनी दिलेल्या दोन सूचना इथे देते. यादीतली नोंद रद्द झाल्याची तारीख आणि विमान प्रत्यक्ष मोडल्याची तारीख सहसा एक नसते, कागद मागाहून हलतात. आणि एका यादीने दुसरीवरून उतरवलेलं असेल तर ते दोन पुरावे नसतात, एकच असतो. युद्धकाळातल्या प्रत्येक अमेरिकी विमानाचं एक नोंदपत्र असायचं, ती अमेरिकेत अलाबामामधल्या हवाई दलाच्या इतिहास संशोधन संस्थेकडे आहेत. ब्रिटिश विमानांची तशीच पत्रं लंडनच्या आरएएफ म्युझियमकडे. पण तिथे विचारायला आधी क्रमांक हातात हवा, आणि माझ्याकडे तर अक्षरच पुरं नव्हतं.

फेब्रुवारीत माहिती अधिकार. केंद्राच्या कार्यालयांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, फी दहा रुपये, कार्डाने किंवा यूपीआयने. मजकुराला तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे. जास्त लिहायचं तर वेगळी पीडीएफ जोडायची. मी तीनच गोष्टी मागितल्या: व्हीटी-सीएचएफच्या नोंदीच्या पानाची प्रत, त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल, आणि ‘सीएच’ने सुरू होणाऱ्या सगळ्या डकोटांची यादी. ‘का’ आणि ‘कसं’ विचारायचं नाही, कागद मागायचा. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती नाकारायला कलम ८(३)नुसार फारच थोडी कारणं उरतात, तेही अर्जातच लिहून टाकलं.

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. जतन कालावधी संपल्यामुळे अभिलेख उपलब्ध नाही, खाली सही. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे वाक्य कुठल्याही कार्यालयातून येऊ शकलं असतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी सोडून द्यावंसं वाटलं. संध्याकाळी काकांचा फोन आला, ‘काय झालं तुह्या विमानाचं?’ आणि मी चिडून ‘ते पडलं’ म्हणाले.

पहिलं अपील करायला केंद्राकडे पैसे लागत नाहीत, तीस दिवसांच्या आत करायचं. अपिलात मी नोंदवही पुन्हा मागितलीच नाही. मागितलं ते असं: कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत द्या, आणि दुसरीकडे पाठवले असतील तर पाठवल्याच्या यादीची. ‘उपलब्ध नाही’ या शब्दांत हरवले, जाळले, पाठवले आणि शोधले नाहीत असे चार अर्थ मावतात. मे महिन्यात उत्तर आलं. नष्ट केल्याचा आदेश त्यांच्याकडे नव्हता, फायली शोधूनही सापडल्या नव्हत्या, राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावं असं सुचवलं होतं. दोन पानांचे चार रुपये. दुसरं अपील नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे करता येतं. मी केलं नाही. नसलेली फाइल आयोगाच्या आदेशानेही उगवत नाही, आणि मला बँकेत मार्च-एप्रिलनंतर साठलेली कामं होती.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ मात्र अवश्य वापरा. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. शोधताना त्या काळची नावं टाका, कलकत्ता, मद्रास, सेंट्रल प्रोव्हिन्सेस. फायलींची शीर्षकं दिसतात, काहींची पानंही घरबसल्या वाचता येतात. माझ्या विमानाबद्दल थेट काही हाती आलं नाही. पण टपाल विमानाने न्यायच्या योजनेची सरकारी भाषा वाचून आजोबांच्या नोकरीचा अंदाज आला.

पुराभिलेख खात्याच्या नागपूरच्या कार्यालयातही गेले. अर्ज, ओळखपत्र, संशोधनाचा विषय एवढं लिहून द्यावं लागतं. वर भर उन्हाळा, बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरचा आवाज. तिथल्या बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, ‘ताई, विमान हा केंद्राचा विषय. आमच्याकडे प्रांताचे कागद.’ शिवाय १९५३ साली नागपूर मध्य प्रदेशात होतं, नुसतं होतं असं नाही, राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्या काळच्या नागपूरचे काही कागद नागपुरात, काही भोपाळला अशी वाटणी झालेली असते. नागपूरचं त्या दशकातलं काहीही शोधणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं, पुष्कळ चकरा वाचतात.

वर्तमानपत्रांनी जास्त दिलं. एका जुन्या वाचनालयात बांधीव खंड आहेत. वाचायला परवानगी मिळते, झेरॉक्स मिळत नाही, कारण खंड उघडा दाबला की पानं तुटतात. चिठ्ठी देऊन मोबाइलने फोटो काढता येतात. मास्क न्या, रुमाल पुरत नाही. अपघात शनिवारी पहाटे झाला, म्हणजे त्या दिवशीचा अंक तोवर छापून झालेला. रविवार, १३ डिसेंबरपासून वाचायला घ्यायचं, आणि पहिल्या दिवसाच्या बातमीवर न थांबता पुढचे आठ-दहा अंक चाळायचे, कारण तपशील नंतर सुधारत जातात. मी विमानाचं चिन्ह शोधायला बसले होते आणि माणसांच्या बातम्यांत अडकले. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली तरी तो वास नाकातून जाईना.

याहून अनपेक्षित जागा म्हणजे न्यायालयाचा निकाल. या अपघातात गेलेल्या एका प्रवाशाच्या कुटुंबाने भरपाईचा दावा लावला होता. तिकिटावर छापलेली, कंपनीला जबाबदारीतून मोकळं करणारी अट प्रवाशावर बंधनकारक आहे का, हा त्यातला प्रश्न. अपिलात तो कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. निकाल छापलेला आहे, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६५ कलकत्ता २५२, आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. कायद्याचे विद्यार्थी तो कराराच्या अटींसाठी वाचतात. पण कार्यालयांच्या फायली हरवल्या तरी न्यायालयात सादर झालेल्या गोष्टी निकालपत्रात उरतात, आणि विमानाचा इतिहास काढणाऱ्याने हे दार ठोठावलंच पाहिजे. कुठल्याही अपघाताबद्दल शोधताना कंपनीचं नाव, गाव आणि वर्ष टाकून निकाल धुंडाळा.

एवढं सगळं करून ऑगस्ट २०२४ला माझी वही जाडजूड झाली होती आणि ‘दिसतं’च्या रकान्यात नवं काही नव्हतं. व्हीटी-सीएचएफबद्दल मला पुष्कळ कळलं होतं. फोटोबद्दल शून्य.

वाट सापडली ती धरमपेठेतल्या एका तिकीट संग्राहक काकांमुळे. अपघातग्रस्त विमानांतून वाचवलेली पत्रं गोळा करणारे लोक असतात. अशा पत्रांवर टपाल खात्याचा खुलाशाचा शिक्का असू शकतो, कडा जळालेल्या असतात, आणि त्यावरून मार्ग आणि तारीख पक्की होते. नागपूरचं असं काही त्यांच्याकडे आहे का विचारायला गेले होते. त्यांनी चष्मा वर करून माझा प्रिंट पाहिला आणि विमानाकडे ढुंकूनही न बघता विचारलं, ‘उजवीकडे हा खांब कशाचा? पुढे काहीतरी फळा आहे.’ पुठ्ठ्याच्या चौकटीशी फळ्याची जेमतेम बोटभर कड दिसत होती. मी ती कितीदा पाहिली होती, पण माझ्या लेखी फोटो विमानाचा होता.

आता फ्रेम उघडणं भाग होतं. मोठ्या काकांना पटवायला गणपती ते दसरा गेला. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘उघडू द्या ना आता, पोरगी हिंडून हिंडून थकली.’ काकांनी अट घातली, काम महालातल्या त्यांच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडेच आणि ते स्वतः समोर बसणार. फ्रेमवाल्याने मागचे खिळे काढले, पुठ्ठा सोडवला. कागद काचेला फक्त एका कोपऱ्यात लागला होता. तो कोपरा त्याने ओढला नाही, काचेचाच तुकडा कापून तसाच ठेवला. नव्या फ्रेमसकट सहाशे पन्नास रुपये. त्याआधी सुटा फोटो मी बाजूच्या दुकानात फ्लॅटबेडवर बाराशे डीपीआयला स्कॅन करून घेतला, पुढून आणि मागून, साठ रुपये. मागची बाजू कोरी निघाली, त्याचं वाईट वाटलं.

उजव्या कडेला चौकटीखाली दडलेला फळा चहावाल्याचा होता. खडूने देवनागरीत लिहिलेले भाव, त्यातली एक ओळ स्वच्छ: ‘चहा’, एक आकडा आणि पुढे ‘न. पै.’

नये पैसे. रुपयाचे शंभर भाग करणारी दशमान नाणी भारतात १ एप्रिल १९५७ला आली, आणि ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ला गळाला. त्याआधी आणे होते. लोकांनी नंतरही काही काळ ‘न. पै.’ लिहिलं असेल, म्हणून १९६४ ही शेवटची हद्द मी सैल धरते. पण सुरुवातीची हद्द पक्की. १९५७च्या एप्रिलआधी कुणी चहाचा भाव नये पैशांत लिहिणार नाही. आणि व्हीटी-सीएचएफ त्याच्या तीन वर्षं आधीच संपलं होतं.

संग्राहक काकांना फोन केला तर ते फक्त ‘वाटलंच’ म्हणाले. आमच्या मोठ्या काकांना सांगणं जास्त अवघड होतं. दिवाळीत फराळ झाल्यावर सांगितलं. ते बराच वेळ स्कॅनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे बाबा खोटं बोलत होते काय?’ मी विचारलं, ‘काका, हे विमान तेच आहे असं आजोबा स्वतः म्हणाल्याचं कुणाला आठवतं?’ त्यांना आठवेना. अकोल्याच्या आत्याला फोन लावला. तिने ते आजीकडून ऐकलं होतं, आजोबा गेल्यानंतर. आणि आजी काय म्हणायची? तर विमान पडलं तेव्हाची गोष्ट सांगताना ती भिंतीवरच्या फोटोकडे हात करायची. बस, एवढंच. हात करण्याचा अर्थ ‘असं विमान’ होता की ‘हे विमान’, ते विचारायला आता कुणी नाही. कडी जोडायची शिस्त लोखंडाला लावली तशी घरातल्या गोष्टीलाही लावली, तर तिथेही एक कडी सुटलेली निघाली. आजोबा १९५३च्या त्या रात्री कामावर नव्हते, असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. हे मी काकांना दोनदा सांगितलं.

मग हे विमान कोणतं? एफ गेल्यावर उरलेली पाच अक्षरं यादीशी लावत बसले. त्यांतलं डकोटा कोणतं, आणि १९५७नंतरही इंडियन एअरलाइन्सकडे उडत असलेलं कोणतं, असं गाळत गेल्यावर दोन उरली. फेब्रुवारीत त्या ब्रिटिश गृहस्थांनी आपल्या कागदांवरून पडताळून तीच दोन सांगितली. ती अक्षरं इथे मुद्दाम देत नाही. इथे लिहिलं की कुणीतरी त्यातलं एक उचलून ‘नागपूरच्या टपालाचं विमान’ म्हणून पुढे ढकलणार, आणि आणखी दहा वर्षांनी ते दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर जाऊन बसणार. दोन्हींचे निर्मिती क्रमांक मिळाले आहेत. युद्धकाळातली नोंदपत्रं मागवली आहेत, आली की दोघांचाही प्रवास कळेल. पण टोपीआडचं अक्षर त्यातून कळणार नाही, ते आणखी एखाद्या फोटोतूनच कळेल.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरचं कुणी १९४९ ते १९७३ या काळात सोनेगावला रात्रीच्या टपालावर, विमानतळावर, इंधनाच्या गाडीवर किंवा कॅन्टीनमध्ये असेल, तर अल्बम काढून पाहा. विमानाचा फोटो असेल तर तो अल्बममधून ओरबाडू नका, पानासकट स्कॅन करा. पुढची बाजू, मागची बाजू, आणि चारही कडा. चेहरे ओळखू येत असतील तर नावं पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा, फोटोच्या पाठीवर पेनाने नको. कोणी सांगितलं तेही त्यासोबत लिहा. आणि टोपी घातलेला तो उंच माणूस कुणाच्या ओळखीचा निघाला, तर मला जरूर कळवा. फोटोत तोच एक आहे ज्याचं नाव काकांनाही माहीत नाही.